एका मोटारीचे जन्मसाल

गतवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही इंग्लंडला आमच्या आतेभावाकडे गेलो होतो. बडोद्यास आमच्याच वाड्यात वाढलेला हा मुलगा आता पन्नाशी ओलांडून ऑक्सफर्डजवळ स्थायिक झाला आहे. त्याच्या दारात दोन आसनांची, उघड्या टपाची, लालभडक मोटार उभी असते. एम. जी. बी. हे तिचे नाव. "ही १९७३ची, माझ्याच वर्षाची," असे तो आल्यागेल्यास कौतुकाने सांगे. त्या एका कारणासाठीच त्याने ती घेतली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा मात्र स्वारी खिन्न दिसली. आदल्याच आठवड्यात एका वृद्ध कारागिराने आसनांमागचे झाकण उचलून मान हलविली होती. १९७३च्या गाडीत तेथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असावयास हव्यात. येथे बारा व्होल्टची एकच होती. बॅटरी काय, कोणीही बदलू शकतो, अशी भावाने मनाची समजूत घातली. पण शंका गेली नाही. शेवटी, जेथे ती जन्मली त्या गावीच जाऊ या, असे ठरले.

थेम्सकाठचे अ‍ॅबिंग्डन हे लहानसे जुने गाव आहे. १९२९ ते १९८० पर्यंत एम. जी. मोटारींचा कारखाना येथेच होता. एम. जी. म्हणजे 'मॉरिस गॅरेजेस', हे आम्हांस तेथेच कळले. बाजारचौकात सतराव्या शतकातील उंच दगडी कौंटी हॉल आहे. राजघराण्यातील मंगलप्रसंगी याच्या छपरावरून जमलेल्या लोकांवर गोड पाव फेकण्याची प्रथा असून, त्यातले काही वाळलेले पाव संग्रहालयात जपून ठेवले आहेत! आपल्याकडे लग्नातल्या अक्षता कोणी जपून ठेवल्याचे ऐकिवात नाही.

याच वास्तूत कारखान्याच्या अखेरच्या काळातली एक एम. जी. बी. ठेवलेली आहे. तिचे बंपर काळ्या रबराचे व अवजड. भावाच्या गाडीचे चकचकीत क्रोमचे. अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांमुळे १९७४च्या शरद ऋतूपासून हे काळे बंपर आले आणि गाडीची उंचीही सुमारे दीड इंच वाढली. शौकिनांना ते रूप कधीच रुचले नाही. म्हणून कित्येक जण काळे बंपर काढून क्रोमचे बसवितात, गाडी खाली आणतात, तारांची चाके लावतात. तशा गाडीस किंमतही अधिक येते. तेव्हा दागिन्यांवरून वय ओळखावयाचे नाही, हे उघड झाले. जुन्या पोथीची भाषा नकलकाराने आपल्या काळाची करून टाकलेली असते. तेथे आम्ही शेवटची पुष्पिका पाहतो. मोटारीची पुष्पिका कोठे असते?

ती समोरच्या काचेखाली, डाव्या कोपऱ्यात होती. गाडी मूळ अमेरिकेसाठी घडलेली. तेथून परत आल्यावर आधीच्या मालकाने सांगितले तेच १९७३ हे साल येथील कागदांवर चढले होते. पट्टीवर आरंभीच 'जीएचएन५यूएफ' अशी अक्षरे. जी म्हणजे एम. जी., एच हा इंजिनाच्या आकाराचा वर्ग, एन म्हणजे दोन आसनी उघडी गाडी, ५ ही मालिका, यू म्हणजे अमेरिका. आणि शेवटचे अक्षर हे सालाचे. ए म्हणजे १९७०, डी म्हणजे १९७३, एफ म्हणजे १९७५. हीच अक्षरे भावाच्या नोंदणीपुस्तकातही इतकी वर्षे होती. ती कशी वाचावी हे घरात कोणाला ठाऊक नव्हते, एवढेच.

गेडन येथील मोटार संग्रहालयात कारखान्याच्या मूळ नोंदी सांभाळल्या आहेत. त्यांवरून दिलेले प्रमाणपत्र टपालाने आले. मूळ रंग हिरवा. बांधणी नोव्हेंबर १९७४. भाऊ चक्रावला: कागदावर १९७३, अक्षरात १९७५, नोंदीत १९७४! आम्हांस मात्र यात नवल वाटले नाही. बडोद्यात दिवाळी सरताच शेजाऱ्यांचे नवे वर्ष लागते आणि आपण पाडव्याची वाट पाहत जुन्याच वर्षात राहतो. मोटारवाल्यांचे 'मॉडेल वर्ष' असेच शरदात बदलते. नोव्हेंबरात बांधलेली गाडी पुढल्या वर्षाची म्हणून विकली जाते.

"माझं वर्ष गेलं, दादा," तो म्हणाला.

आम्ही गप्प राहिलो. त्याचा जन्म कोजागिरीचा. वाड्यात त्या रात्री दूध तसेच राहून गेले, असे आमची आई सांगे. शाळेत घालताना, जूनमध्ये वय भरावे म्हणून आत्याच्या यजमानांनी १ जून १९७३ लिहविले. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातही १ जूनची मुले इतकी आहेत की त्या दिवशी सुटीच द्यावी.

दोन दिवसांनी त्याने साल दुरुस्त करण्याविषयी नोंदणी कार्यालयास पत्र लिहिले. गाडीचा क्रमांक १९७२-७३चा आहे. तो तसाच राहू द्यावा, अशी विनंतीही केली. गाडी आहे त्याहून जुनी दिसेल असा क्रमांक तेथे चालतो, नवी दिसेल असा चालत नाही.

१ जूनला आम्ही तेथेच होतो. संध्याकाळी त्याच्या कचेरीतली मंडळी केक घेऊन आली. आमच्याकडे एकदा पाहून त्याने तो निमूटपणे कापला.