प्लस नंबर गेला, तरी डोळा तोच

मायनस नंबर लेसरने गेला आणि परत आला नाही, असे सांगणारे कुणी ना कुणी आता महाड-पोलादपुरातही ओळखीत निघते. तेवढ्या भरवशावर प्लस नंबरवालाही मुंबई-पुण्याची वाट धरतो. नेत्रतज्ज्ञ म्हणून माझे म्हणणे असे की, दोन्ही ऑपरेशने एकाच यंत्रावर होत असली तरी त्यांचे पुढचे आयुष्य सारखे नसते. प्लस नंबरच्या लेसरचे यश महिन्याभराने वाचलेल्या तक्त्यावरून ठरवू नये. पंधरा वर्षांनी डोळा कसा आहे, त्यावरून ठरवावे.

कारण डोळ्याच्या रचनेतच आहे. प्रौढ डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. प्लस नंबरचा डोळा बहुधा त्याहून आखूड असतो आणि एका मिलिमीटरची तूट म्हणजे जवळजवळ तीन नंबर. मायनसमध्ये लेसर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा मध्य सपाट करतो. प्लसमध्ये मध्याला उठाव हवा असतो, पण लेसरला भर घालता येत नाही, कोरताच येते. म्हणून मध्य सोडून भोवती गोल चर कोरतात. पावसाळ्यात शेताकडेचा चर गाळाने भरावा, तशी ती जागा वरच्या पेशींच्या थराने हळूहळू भरते आणि नंबर काही अंशी परततो. दुसरे कारण वयाचे. तरुणपणी डोळ्यातले भिंग ताण घेऊन बराच प्लस नंबर झाकून ठेवते; चाळिशीच्या सुमारास ती ताकद ओसरली की झाकलेला नंबर उघडा पडतो. लंडनच्या डेव्हिड ओब्रार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा रुग्णांचा १६ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यातही वर्षे जातील तसा नंबर पुन्हा प्लसकडे सरकलेला दिसला. म्हणजे ऑपरेशन फसते असे नव्हे. चष्म्यापासूनची सुटका अनेकदा मुदतीची असते.

यावर कुणी म्हणेल, यंत्रे आता सुधारली आहेत. खरे आहे. ती डोळ्याची हालचाल टिपतात, चर रुंद पट्ट्यात कोरतात आणि त्याने निकाल सुधारले आहेत. दोन-तीनपर्यंतचा, थेंब टाकून तपासलेला, स्थिर नंबर असेल आणि डोळे कोरडे नसतील, तर लेसर रास्तच. चारच्या पुढे मात्र हात आखडता घ्यावा. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: लावणीच्या पावसात चष्म्यातून दिसत नाही, एमआयडीसीत सुरक्षा-गॉगलखाली तो अडचणीचा होतो. चष्मा नकोसा होणे ही चैन नव्हे, हे मान्य. पण ज्याला प्रत्येक फेरतपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्याला तर आधीच सांगायला हवे की पुढे वाचायला चष्मा लागू शकतो, आणि दुसऱ्यांदा लेसर प्रत्येकाला करता येतेच असे नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र नंबर परतण्याचा नाही. आखूड डोळ्यात पुढची पोकळी उथळ असते. वयाबरोबर भिंग जाड होते, डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याचा कोन अरुंद होतो आणि काचबिंदूचा झटका येऊ शकतो. लेसरने पडदा बदलतो, हा कोन बदलत नाही. चष्मा सुटला की तपासणीही सुटते, तिथे घात होतो. डोळा लाल होऊन तीव्र दुखणे, दिव्याभोवती वलये दिसणे, उलट्या होणे, हे पित्त समजून वाडीवर रात्र काढू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. पुढे मोतीबिंदू झाला तर कृत्रिम भिंगाची ताकद मोजताना लेसरपूर्वीची मापे मोलाची ठरतात. लेसर झाल्याचे डॉक्टरांना कळलेच नाही, तर नेहमीच्या गणिताने भिंग जास्त ताकदीचे बसते आणि प्लसवाला मायनस होऊन बसतो. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या घराघरांत पाणी शिरले होते. अशा गावात कागद कपाटाच्या भरवशावर ठेवू नयेत. लेसरआधीच्या मापांचा फोटो फोनमध्ये आणि घरातल्या आणखी एकाकडे ठेवा, आणि चाळिशीनंतर दरवर्षी डोळ्याचा दाब व कोन तपासून घ्या. एवढी तयारी असेल, तरच प्लस नंबरच्या लेसरला हो म्हणा.