तरणा घोडा उसळतो तेव्हा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. अशा बाजारात 3 वर्षांचा तरणा घोडा दुडक्या चालीत शहाण्यासारखा जातो. भरधाव सोडला की मान खाली, पाठ कमानदार आणि दुगाण्या सुरू! बघे म्हणतात, मस्ती.

थोडी मस्ती असतेच. पण वेग घेताना मागचे पाय पोटाखाली खोल येतात, पाठ उचलली जाते. खोगीर रुतत असेल, तंग करकचून आवळला असेल, तर कळ तेव्हाच उठते. स्वाराचं ओझं पेलायला पाठीचे स्नायूही कच्चे. मणक्यांची वाढ 5-6 वर्षांपर्यंत चालते.

जाणता मोतद्दार चाबूक उगारत नाही. खोगीर उतरवून कण्यालगत बोटं दाबत जातो. कातडी थरथरली, कान मागे पडले, की दुखरी जागा सापडली. मग तोंड उघडून पाहतो. या वयात दुधाच्या दाढा पडत असतात, लगामही टोचतो.