कुंभार पिंपळगाव ते हट्टी : जुन्या सोन्याच्या खाणी आणि गावचे पाणी

जुनी सोन्याची खाण पुन्हा चालू करायची, तर सोन्याच्या आधी दोन गोष्टींना हात घालावा लागतो : खाणीत साचलेले पाणी आणि खाणीबाहेर पडलेला चिखल. मराठवाड्याला हा प्रश्न परका वाटेल. पण रायचूर जिल्ह्यातले हट्टी, जिथे आज देशातली मोठी सोन्याची खाण चालते, आणि जालना जिल्ह्यातले कुंभार पिंपळगाव ही दोन्ही गावे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि रायचूर म्हैसूर राज्यात गेले.

कुंभार पिंपळगाव घनसावंगी तालुक्यात आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब इथून जवळच, आणि दक्षिणेकडे गोदावरी. जमीन काळी, कपाशीची आणि उसाची. तिच्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पत्थर आहे. या पत्थरात सोने नाही. त्याच्या भेगांत पावसाचे पाणी मुरते, तेवढ्यावर विहिरी आणि बोअर चालतात. विहिरीला पाणी किती हात लागले, हा इथे उन्हाळ्यातला रोजचा विषय असतो. पाण्यात काय विरघळले आहे, हे मात्र कुणी सहसा विचारत नाही. खडक बदलला की तोच प्रश्न पहिला होतो.

खडक कसा बदलत जातो, ते रेल्वेने दक्षिणेकडे जाताना दिसते. जालना जिल्ह्यातल्याच परतूर स्टेशनवरून जाणारा लोहमार्ग निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून टाकला गेला. परभणीला गाडी बदलून परळी, लातूर रोड, बीदर, विकाराबाद असे दक्षिणेकडे जाता येते. बीदरला माती लाल होते. तांडूर–वाडीच्या पट्ट्यात मराठवाड्यातल्या घराघरांत बसवलेली शहाबादी फरशी जमिनीतून निघताना दिसते. कृष्णा ओलांडून रायचूर आले की ग्रॅनाइटचे गोल गोटे एकमेकांवर रचल्यासारखे उभे असतात. त्या ग्रॅनाइटच्या मधून अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांचे अरुंद पट्टे गेले आहेत. सोने आहे ते या पट्ट्यांत, गारगोटीच्या शिरांमध्ये.

रायचूरच्या पश्चिमेला मस्की लागते. १९१५ मध्ये सी. बीडन या खाण-अभियंत्याला सोन्याचा शोध घेताना इथल्या खडकावर अशोकाचा शिलालेख सापडला. ‘देवानांपिय’ या बिरुदाबरोबर अशोकाचे नाव प्रथम याच लेखात वाचायला मिळाले. हट्टी परिसरातल्या प्राचीन खाणींचा काळही सुमारे दोन हजार वर्षांमागे जातो. दगडाला आग लावायची, तापल्यावर पाणी ओतायचे, तडकलेला तुकडा काढून कुटायचा, ही जुनी रीत. कुटून कुटून खडकाला पडलेले वाटीसारखे गुळगुळीत खळगे या भागात आजही हाताला लागतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज कंपनीने हट्टीची खाण चालवली. ती १९२० मध्ये बंद पडली. १९४७ मध्ये हैदराबाद सरकारने कंपनी काढून ती पुन्हा सुरू केली. आज ती कर्नाटक सरकारकडे आहे. बंद खाण पुन्हा उघडण्याचे याहून जवळचे उदाहरण मराठवाड्याला मिळणार नाही.

खाण बंद झाली की पंप थांबतात आणि बोगदे पाण्याने भरतात. सोन्याच्या शिरांबरोबर पायराइट आणि आर्सेनोपायराइट ही गंधकयुक्त खनिजे असतात. उघड्या पडलेल्या भिंतींना हवा आणि पाणी मिळाले की पायराइटपासून आम्ल तयार होते, आर्सेनोपायराइटमधून आर्सेनिक सुटते. खाण पुन्हा उघडताना हे सगळे पाणी उपसून कुठेतरी सोडावे लागते. शिवाय प्राचीन बोगद्यांचे नकाशे नसतात; नवे खोदकाम पाण्याने भरलेल्या जुन्या पोकळीत घुसले, तर खालच्या कामगारांच्या जिवावर बेतते.

दुसरा धोका चिखलाचा. टनभर दगडातून सोने निघते ते मोजके काही ग्रॅम. दगड पिठासारखा दळून सायनाइडच्या पाण्यात ठेवतात, सोने त्यात विरघळते आणि उरलेला सगळा चिखल बांधामागे साठतो. सायनाइड ऊन-हवेत बऱ्याच अंशी विघटित होते. आर्सेनिक हे मूलद्रव्य, ते नाहीसे होत नाही. अखंड खडकात बंद असलेले आर्सेनिक दळल्यावर वाऱ्या-पावसाच्या हाती सापडते.

त्याचा परिणाम पाहायचा तर हट्टीहून कृष्णेपलीकडे, यादगीर जिल्ह्याच्या सुरपूर तालुक्यात जावे लागते. तिथे मंगळूर नावाच्या जुन्या सोन्याच्या खाणीजवळ किरदळ्ळी तांडा आहे. जालना जिल्ह्यातल्या तांड्यांवर ऐकू येते तीच बंजारा बोली इथेही बोलली जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या परिसरातल्या ५९ बोअरच्या पाण्याचे नमुने तपासले होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपर्यंत आर्सेनिक चालते. ७९ टक्के नमुने त्याच्या वर होते आणि सर्वाधिक आकडा ३०३ होता. तपासलेल्या १८१ माणसांपैकी ५८.६ टक्के लोकांच्या त्वचेवर आर्सेनिकच्या खुणा आढळल्या. तळहात-तळपाय खरखरीत होतात, त्यावर टणक गाठी येतात, अंगावर काळे-पांढरे ठिपके उमटतात; पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. मातीच्या १२ नमुन्यांपैकी सहांमध्ये किलोमागे २००० मिलिग्रॅमहून जास्त आर्सेनिक होते, आणि अभ्यासकांनी खाणीच्या चिखलाकडे बोट दाखवले. आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. पाणी आटले की उलट दाट होते. ज्यांनी वर्षानुवर्षे हे पाणी प्यायले, त्यांना कुणी आधी सांगितले असते तर दुसरी सोय करता आली असती, आणि हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचते.

कर्नाटकातल्याच कोलारच्या सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. तिथे मागे राहिलेल्या चिखलाच्या टेकड्यांतून उन्हाळ्यात धूळ वस्तीवर येते. १,००३.४ एकरांवर पसरलेल्या अशा १३ ढिगांतून उरलेले सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. ढीग हलले तर वस्तीचा जुना त्रास कदाचित कमी होईल. पण काम नीट झाले नाही, तर बसलेले विष नव्याने उडेल. रुमानियातल्या बाया मारे इथे जुन्या खाणीच्या चिखलातूनच सोने काढले जात होते. ३० जानेवारी २००० ला तिथला बांध फुटला, सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी सोमेश नदीतून तिसा आणि डॅन्यूबपर्यंत गेले आणि हंगेरीत मासे टनावारी मेले.

म्हणून कुठलीही जुनी खाण उघडण्याआधी भोवतालच्या प्रत्येक विहिरीचे आणि बोअरचे पाणी तपासून आकडे गावाच्या हाती द्यायला हवेत, म्हणजे नंतर काय बिघडले ते दाखवता येते. उपसलेले पाणी शुद्ध करूनच सोडणे, बांधाच्या तळाला अस्तर घालणे, बांधाखाली निरीक्षणासाठी बोअर घेणे आणि खाण बंद करण्याचा खर्च सुरुवातीलाच बाजूला ठेवणे, ही कामे त्यानंतरची. हा खर्च धरल्यावरही सोने परवडते का, हे खाणीगणिक वेगळे निघते.