दादाचं ‘मेडिकल’

माझ्या मावसभावाचं टोरांटोमध्ये ‘मेडिकल’ होतं. निदान डोंबिवलीतल्या मावशीच्या अख्ख्या सोसायटीला तरी असंच ठाऊक होतं. मलाही. २०२२च्या जूनमध्ये मी तिकडे गेले आणि दादाने शनिवारी दुकान दाखवायला नेलं, तोपर्यंत!

दादा राहतो मिसिसागात, दुकान मात्र शेजारच्या इटोबिकोमध्ये. काचा सगळ्या दुधी, बाहेरून आतलं काहीच दिसत नव्हतं. दारात एका मुलाने माझा पासपोर्ट मागितला. आत एकदम पॉश! मोबाइलच्या शोरूमसारखे लाइट्स, काउंटरमागे टॅब घेतलेली हसरी मुलगी आणि भिंतीवर छोट्या छोट्या डब्या. डब्यांवर लिहिलं होतं इंडिका, सॅटायव्हा, हायब्रिड.

‘‘दादा, हा गांजा आहे?’’

‘‘हळू बोल गं. आणि इथे हळू बोलायची गरज नाही म्हणा. सगळं लीगल आहे. मी टॅक्स भरतो!’’

‘‘आणि मावशी?’’

‘‘आईला मेडिकल सांगितलंय. थोडंफार मेडिकलच आहे की.’’

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? पण जरा डोंबिवलीत बसून विचार करा. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येत झाडाची नुसती पानं येत नाहीत, म्हणून होळीची भांग सुटते. त्याच झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. तो किलोभराच्या आत सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मावशीने एफडी मोडून दादाला १८ लाख दिले होते. ते गांजाच्या दुकानात गेले, हे तिला कोण सांगणार? मीसुद्धा नाही सांगितलं. त्या वर्षी गणपतीत शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘कसं चाललंय गं मेडिकल?’’ मी मोदक तोंडात टाकत म्हटलं, ‘‘मस्त! खूप गर्दी असते.’’

गर्दी होतीही. धंद्याचं गणित तेव्हा दादाच्या बाजूने दिसत होतं. १७ ऑक्टोबर २०१८ला कॅनडाने गांजा कायदेशीर केला. उरुग्वेनंतर असं करणारा हा दुसराच देश. सुरुवातीला सॉलिड तुटवडा. क्यूबेकमधल्या सरकारी दुकानांना तर काही महिने आठवड्यातले तीन दिवस शटर बंद ठेवावं लागलं. ऑन्टारिओत दुकानं उघडायला एप्रिल २०१९ उजाडला, तीही चक्क लॉटरी काढून, पहिल्या फेरीत फक्त २५ लायसन्स. साडेचौदा कोटी नव्हे, तरी तितक्याच उत्साहाने लोक अर्ज करत होते म्हणे!

आणि भाव? २०१९च्या अखेरीस कॅनडाच्या सरकारी सांख्यिकी खात्याने लोकांकडून भाव गोळा केले. दुकानातला माल ग्रॅमला १० डॉलरच्या वर आणि गल्लीतल्या ‘ओळखीच्या माणसा’कडचा सहाच्याही आत. म्हणजे कायदा पाळणाऱ्याने जवळपास दुप्पट मोजायचे. मग कोण कशाला पाळेल? सरकारचा फंडा तर काळा बाजार संपवायचा होता. शेवटी ऑक्टोबर २०१९मध्ये हेक्सो नावाच्या कंपनीने क्यूबेकमध्ये २८ ग्रॅमचं पाकीट १२५ डॉलर ७० सेंटला काढलं, टॅक्ससकट. ग्रॅमला साडेचार डॉलरच्या आत! गल्लीशी सामना करायला कंपनी गल्लीच्या भावाला उतरली होती.

तिथून भाव घसरले ते घसरलेच. कारण सोपं होतं. गांजा लीगल होणार म्हटल्यावर सगळ्यांनाच त्यात पैसा दिसला. कोरोना बीअर अमेरिकेत विकणाऱ्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने २०१८मध्ये कॅनोपी ग्रोथ या गांजा कंपनीत ५ अब्ज कॅनेडियन डॉलर ओतायचं ठरवलं. फुटबॉलच्या मैदानांएवढी ग्रीनहाउसेस उभी राहिली. पण ओढणारी माणसं तेवढीच होती ना! २०२१ या एका वर्षात कॅनडात ४०० टनांहून जास्त न खपलेला गांजा नष्ट करण्यात आला.

कॅनोपीचं मुख्यालय होतं स्मिथ्स फॉल्स या छोट्या गावात, हर्शीजच्या बंद पडलेल्या चॉकलेट फॅक्टरीत. चॉकलेट गेलं, गांजा आला, गावाला पुन्हा नोकऱ्या मिळाल्या. फेब्रुवारी २०२३मध्ये कॅनोपीने ८०० माणसं कमी करून तो कारखाना सोडायचं जाहीर केलं. विकत कोणी घेतला? हर्शीजने! ही गोष्ट दादाने मला फोनवर हसत हसत सांगितली होती. तेव्हा त्याच्या हसण्यात टेन्शन आहे, हे मला कळलं नाही.

त्याचं दुकान तोपर्यंत आतून पोखरलं होतं. ऑन्टारिओत सगळ्या दुकानांना एकाच सरकारी घाऊक विक्रेत्याकडून माल घ्यावा लागतो. म्हणजे समोरच्याकडे जे, तेच तुमच्याकडे. जाहिरात करायला कडक बंधनं. मग वेगळं काय करणार? भाव पाडणार. समोरच्याने तीन डॉलर कमी केले की आपण चार. लॉटरी २०२०मध्येच गेली होती आणि प्रांतातली दुकानं हजारावर गेली होती. टोरांटोत काही रस्त्यांवर तर आपल्याकडे मोबाइल रिचार्जची दुकानं असावीत तशी ती लागून लागून. पिकवणाऱ्याची वेगळीच गोची. एक्साइज ठरली होती ग्रॅमला किमान १ डॉलर किंवा १० टक्के, यातलं जे जास्त असेल ते. भाव १० डॉलर असताना हे ठीक होतं. पण शेतावरचा भाव तीनवर आला, की त्या एका डॉलरने तिसरा हिस्सा खाल्लाच म्हणून समजा!

दादाला शेवटचा झटका त्याच्याच गावाने दिला. मिसिसागाने सुरुवातीला ‘आमच्याकडे गांजाची दुकानं नकोत’ म्हटलं होतं, म्हणून तिकडची गिऱ्हाइकं हद्द ओलांडून इटोबिकोत यायची. दादाने जागा निवडली होती ती त्याचसाठी. एप्रिल २०२३मध्ये मिसिसागाने बंदी उठवली. पाहता पाहता दुकानं त्यांच्या घराजवळच आली. भाडेकराराची मात्र दोन वर्षं बाकी होती. मार्च २०२४मध्ये दादाने आणि त्याच्या पार्टनरने शटर ओढलं. नोकरी सोडली नव्हती म्हणून घर वाचलं. १८ लाख गेले.

मावशीला त्याने फक्त ‘मेडिकल बंद केलं’ एवढंच सांगितलं. तिने मला फोन केला.

‘‘औषधांचं दुकान कसं गं बंद पडतं? तिकडची माणसं आजारी पडायची थांबली का?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी दादाला मेसेज टाकला, ‘तू सांग, नाहीतर मी सांगते.’ दोन वर्षं खोटं बोलून मलाही कंटाळा आला होता.

त्याने रविवारी व्हिडिओ कॉल केला. मी मावशीच्या शेजारीच बसले होते, म्हटलं बीपीची गोळी हाताशी असलेली बरी. दादाने सगळं सांगितलं. गांजा, लॉटरी, ग्रीनहाउस, पडलेले भाव, फेकलेला माल. मावशी काही बोलेना. पदराने चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली,

‘‘म्हणजे कांद्यासारखंच झालं की.’’

आम्ही दोघंही गप्प! मावशीचं आणि आईचं माहेर निफाड तालुक्यातलं. आजोबा लासलगावच्या मार्केटला कांदा न्यायचे. एका वर्षी भाव चढला की पुढच्या वर्षी सगळं गाव कांदाच लावायचं, आणि मग गाडीभाडंही सुटत नाही म्हणून माल बांधावर टाकायचा. मी जे शिकायला टोरांटोपर्यंत गेले, ते तिला लहानपणापासून पाठ होतं.

‘‘भाव पडला तर तो काही तुझा गुन्हा नाही,’’ ती दादाला म्हणाली. ‘‘माझ्या बाबांनीही दोनदा कर्ज काढलं होतं. पण त्यांनी आईला कांद्याऐवजी द्राक्षं लावली म्हणून नाही सांगितलं.’’

दादा रडला. मग मावशीने विषय बदलून त्याला जेवलास का विचारलं.

आमच्या ग्रुपमध्ये आजही कोणीतरी बिअरच्या दुसऱ्या ग्लासला म्हणतं, ‘‘यार, आपल्याकडेही लीगल करायला पाहिजे. सरकार मालामाल, आपण खूश.’’ मी वाद घालत नाही. कॅनडात गिऱ्हाइकाला खरंच स्वस्त मिळालं, टॅक्सही जमा झाला. २०२४च्या सरकारी पाहणीत गांजा घेणाऱ्या दहातल्या सातजणांनी आपण तो बहुतेक वेळा कायदेशीर दुकानातूनच घेतो असं सांगितलं. ज्यासाठी केलं, ते बऱ्यापैकी साधलं. फक्त त्या स्वस्ताईचं बिल काही अंशी एका डोंबिवलीकर बाईच्या एफडीतून भरलं गेलं.

दादा आता दर महिन्याला मावशीला पैसे पाठवतो. ती ते पुन्हा एफडीत टाकते. सोसायटीत परवा काकूंनी विचारलं, ‘‘लेकाचं मेडिकल काय म्हणतंय?’’

मावशी म्हणाली, ‘‘मेडिकल नव्हतंच हो ते. या आत, चहा टाकते. सांगते सगळं.’’