कागद घरी आले

मी सौसरची लेक आणि पांढुर्ण्याची सून. माहेर-सासर आधीही एकाच जिल्ह्यात होतं, छिंदवाड्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि आता पांढुर्णा-सौसर मिळून जिल्हाच तेवढा उरला आहे, त्यामुळे माझं सगळं आयुष्य एका जिल्ह्यात मावलं असं हे चिडवतात. तर आज घराच्या कर्जाची गोष्ट सांगते. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी सरकारी शाळेत मास्तरीण होते. ह्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. २००८ साली आम्ही पांढुर्ण्यात प्लॉट घेतला आणि २००९ साली नागपूरच्या एका घरकर्ज देणाऱ्या कंपनीकडून साडेसात लाख घेतले. वीस वर्षांची मुदत, साडेनऊ टक्के व्याज, महिन्याचा हप्ता ६,९९१ रुपये. हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. कंपनी म्हणाली, घराच्या खर्चातले काही पैसे तुमचे दाखवा. आमच्याजवळ होते ते प्लॉटात गेलेले.

मग मी सौसरला गेले. माझा मोठा भाऊ संत्र्याचा माणूस. मार्च महिना होता, मृग बहाराचे पैसे नुकतेच आले होते. त्याने आतून पेपरात गुंडाळलेले ऐंशी हजार आणून दिले. मी म्हटलं, दादा, कागदावर काही लिहून देते. तो म्हणाला, "बहिणीले चिठ्ठी लिवून पैसे देत नसतेत. घर बांध आधी." मीही मग लिहिलं नाही. घर झालं, वास्तू झाली, दादा-वहिनी दोन दिवस राहून गेले. पैशाचा विषय त्याने कधी काढला नाही. मी दोन-तीनदा काढला तर म्हणायचा, "आधी कंपनीचे फेड, त्यायचं व्याज पळते, माह्यं नाही पळत."

२०२१ च्या एप्रिलमध्ये दादा गेला. तेव्हाचे दिवस तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर लिहीत नाही.

मी मे २०२४ ला रिटायर झाले. ग्रॅच्युइटीचे पैसे जुलैत आले. मी हिशेब मांडून ठेवला होता. १८२ हप्ते भरून झाले, २४० मधून गेले तर ५८ राहतात. जेवढं मुद्दल उरलं असेल ते एकदम भरून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. नागपूरच्या ऑफिसात जाऊन मी कर्जबंदीचं स्टेटमेंट मागितलं. त्यात लिहिलेलं होतं, शिल्लक हप्ते ९०.

मी दोनदा वाचलं. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, बाळा, माझे अठ्ठावन्न राहिलेत. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. झालं असं होतं की आमचं व्याज फ्लोटिंग. दर वाढला की हप्ता तोच ठेवून मुदत वाढवत गेले. २०२२ च्या मे पासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला, त्याआधीही वरखाली झालंच होतं. आमचा दर साडेदहावर पोचला होता. मेसेज येत होते म्हणे. मेसेज तर रोज वीस येतात, इंग्रजीत येतात, आणि हप्ता ६,९९१ च कापला जातोय म्हटल्यावर कोण बघतो! पंधरा वर्षांत १२,७२,३६२ रुपये भरले आणि मुद्दल अजून ४,३४,२११ बाकी. सुरुवातीची वर्षं हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जातो हे शाळेत पोरांना चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या बाईला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण स्वतःच्या घरावर कधी लावून पाहिलं नाही.

पुढे आणखी एक ओळ होती. मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार दोन टक्के, वर जीएसटी. एकूण १०,२४७ रुपये. माझा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, आई, सही करू नकोस. फ्लोटिंग दराचं घरकर्ज माणसाच्या नावावर असेल तर हा आकार घेताच येत नाही, बँकांना २०१२ सालीच मनाई झाली आहे आणि घरकर्ज कंपन्यांनाही तोच नियम आहे. मी तेच शब्द काउंटरवर सांगितले. पोरगा आत गेला, साहेब बाहेर आले, "मॅडम, सिस्टीमने आपोआप लावलं" म्हणाले. दुसरं स्टेटमेंट निघालं तेव्हा ती ओळ नव्हती. सिस्टीमला मी काही बोलले नाही. पण माझ्याआधी किती जणांनी ती ओळ मुकाट्याने भरली असेल हे मनात येऊन गेलं.

२४ जुलैला पैसे भरले. शेवटच्या हप्त्यानंतरच्या एकोणीस दिवसांचं व्याज रोजी सुमारे १२५ रुपयांच्या हिशेबाने धरून ४,३६,५८४. बाकी काही नाही अशी चिठ्ठी आठवड्याने आली. खात्यातून हप्ता कापायची जी परवानगी दिलेली असते तीही बंद करून घेतली. हे विसरू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा कापला जायचा.

आता कागद. आमच्याकडचा प्रकार कसा आहे बघा, करारनामा इंग्रजीत, रजिस्ट्री हिंदीत आणि भांडण मराठीत. २००९ साली कंपनीने आमची प्लॉटची रजिस्ट्री, आधीच्या मालकाची जुनी रजिस्ट्री, डायव्हर्शनचा आदेश आणि नगरपालिकेचा मंजूर नकाशा, असे चार कागद ठेवून घेतले होते. तेव्हा त्यांनी एक यादी शिक्का मारून दिली होती. ती यादी ह्यांनी देवघराखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. पंधरा वर्षं मी त्या पेटीला कचरा म्हणत आले, ते शब्द मागे घेतले.

१४ ऑगस्टला बोलावणं आलं. सकाळच्या गाडीने आम्ही दोघं नागपूरला. फाइल मुंबईच्या गोदामातून आली होती. साहेबांनी पावती पुढे केली, "सर्व कागद मूळ स्वरूपात मिळाले", इथे सही करा. मी चष्मा लावला, यादी काढली आणि एकेक कागद यादीवर ठेवत गेले. तीनच निघाले. आधीच्या मालकाची रजिस्ट्री नाही. साहेब म्हणाले, "ती जुनी आहे मॅडम, तुमच्या नावाची आहे ना, झालं." झालं कसं? उद्या पोराला घर विकायचं म्हटलं तर घेणारा आधीची साखळी मागणारच. मी सही केली नाही. तीन कागदांचीच पोच लिहून दिली आणि चौथा बाकी असं खाली हाताने लिहिलं.

घरी येऊन मुलाने पत्र तयार केलं. रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत सगळे मूळ कागद परत द्यायचे, नोंदवलेला बोजा काढायचा. उशीर सावकाराकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हरवला असेल तर नक्कल काढायला मदत करायची, खर्चही त्यांचाच. माझे तीस दिवस २३ ऑगस्टला संपत होते. पत्र गेलं आणि २१ तारखेला चौथा कागद नागपूरच्या ऑफिसात हजर! दुसऱ्याच कुणाच्या फाइलीत लागला होता म्हणे. मुलगा म्हणाला, दोन दिवस उशिरा मिळाला असता तर दहा हजार आले असते. मी म्हटलं, नको बाबा, मला कागद हवा.

खसऱ्यात बंधकाची नोंद होती, ती काढायला तहसीलमध्ये अर्ज दिला. त्याला फेऱ्या पडल्या, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२५ ऑगस्टला रविवार होता. ऐंशी हजार पाकिटात घालून आम्ही सौसरला गेलो. जाताना जामसावळीला मारुतीचं दर्शन घेतलं. खरं सांगू? मनात होतं की वहिनी नको म्हणतील. मी हट्ट करीन, त्या रडतील, मी रडेन, आणि शेवटी घेतील. बसमध्ये बसल्या बसल्या मी माझी वाक्यंही ठरवून ठेवली होती.

वहिनींनी पाकीट घेतलं. चष्मा शोधला. पलंगावर बसून नोटा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. मग आतून दादाची वही आणली. लाल पुठ्ठ्याची, खताचे, मजुरांचे, पंपाचे हिशेब लिहिलेली. एक पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "ताई, यात तर नव्वद लिवले हायेत."

माझ्या नावाखाली दोन ओळी होत्या. मार्च २००९, ८०,०००. आणि खाली, नोव्हेंबर २०१२, १०,०००. अक्षर दादाचंच. मला काही सुचेना. मी म्हणणार होते की चूक झाली असेल, मी ऐंशीच घेतले होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "मी घेतले होते. तुझा पगार अडकला होता न त्या साली. चेक परत गेला होता."

मला आठवलं. तीन महिने पगार नव्हता. तेव्हा हे म्हणाले होते की दुकानात एक मोठं काम आलं, त्यातून हप्ते भरले. दोन हप्ते आणि वरचा दंड. बारा वर्षं मी त्या मोठ्या कामाचं कौतुक सांगत होते, लेकाच्या लग्नातही व्याह्यांना सांगितलं होतं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. पेन घेऊन त्यांनी ओळीखाली लिहिलं, ८०,००० मिळाले, बाकी १०,०००. तारीख टाकली आणि सही करायला वही माझ्याकडे दिली. मी केली. व्याजाचं विचारलं तर म्हणाल्या, "तुमचे दादा व्याजानं लावत होते का कधी? बसा, भात टाकते."

परतताना बसमध्ये आम्ही बोललो नाही. पांढुर्णा आल्यावर हे म्हणाले, "सांगायचं राहून गेलं." मी म्हटलं, बारा वर्षं?

दहा हजार ह्यांनी दुकानातल्या पैशातून जमवले, माझ्या पैशाला हात लावू दिला नाही. पोळ्याला पुन्हा सौसरला गेलो आणि दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या गर्दीत परत यायला नको म्हणून तिथेच मुक्काम केला. बैलांना पुरणपोळी झाली, मग वहिनींनी वही काढली. दोन्ही ओळींवर आडवी रेघ मारली. मला ते पान हवं होतं, घराच्या फाइलीत लावायला. पण फाडता येईना, मागच्या बाजूला खताच्या दुकानाची उधारी लिहिलेली होती आणि ती अजून फिटायची आहे. भाच्याने मोबाईलवर फोटो काढून दिला.