चेनसॉची धार आणि कानशीचे काम

चेनसॉच्या साखळीवरील दात आळीपाळीने डाव्या व उजव्या अंगाला वळलेले असतात आणि प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो; ‘डेप्थ गेज’ म्हणून ओळखला जाणारा हा उंचवटा दाताने लाकडात किती खोल शिरावे हे ठरवतो. त्यामुळे नुसते दात तीक्ष्ण करून भागत नाही, सगळे दात सारखे राखावे लागतात, आणि हाताने धार लावणाऱ्याची कसोटी तिथेच लागते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. अशी पडझड उरकणाऱ्याला धारेचा प्रश्न फार लवकर गाठतो, कारण जमिनीवर लोळलेल्या खोडाला वाळू-माती चिकटलेली असते आणि साखळी क्षणभर जमिनीला लागली तरी दात बोथटतात. धारदार साखळी लाकडाच्या जाडसर ढलप्या फेकते. धार गेली की पिठासारखा भुसा पडू लागतो, कापणाऱ्याला यंत्र दाबावे लागते आणि साखळीची पट्टी तापते. दात उजेडात धरल्यास बोथट कडेवर पांढरी रेघ चमकते. धार नीट लागली की ती रेघ नाहीशी होते.

धार लावताना इंजिन बंद करून पट्टी शिकंजात पक्की धरतात आणि सुरुवातीच्या दातावर खडूने खूण करतात. कानस गोल असते व तिची जाडी साखळीप्रमाणे बदलते. लहान यंत्रांच्या साखळ्यांना बहुधा ४ किंवा ४.८ मिलिमीटरची कानस लागते. बहुतेक साखळ्यांसाठी सुमारे ३० अंशांचा कोन साधून कानस दाताच्या आतून बाहेर ढकलतात आणि परतताना उचलून घेतात, कारण ती पुढे जातानाच धातू काढते. एका अंगाचे दात संपले की दुसऱ्या अंगाचे घेतात. सर्वांत झिजलेला दात प्रमाण मानून बाकीचे त्याच्याइतके आखूड करावे लागतात. एका अंगाचे दात लांब राहिले तर काप सरळ न जाता एका बाजूला वळतो.

दात झिजून खाली येतो, पण डेप्थ गेज तितकाच राहतो, म्हणून काही वेळा धार लावल्यावर तो मापपट्टी ठेवून चपट्या कानशीने उतरवतात. दोहोंतील फरक साधारण ०.६५ मिलिमीटर ठेवतात. तो कमी राहिल्यास धारदार दातही लाकडाला नुसते घासतात आणि वाढल्यास यंत्र धक्के देते.

शेवटी पट्टीची खाच साफ करून, तेलाचे भोक मोकळे आहे ना ते पाहून साखळीचा ताण जुळवतात: ती पट्टीखाली लोंबू नये, तरी हातमोजा घातलेल्या हाताने सहज सरकावी. काम करताना तापलेली साखळी सैल पडते म्हणून ती ताणली असेल, तर काम थांबल्यावर पुन्हा सैल करावी लागते, कारण थंड होताना ती आकसते आणि पट्टीवर ओढ घेते.