बाबांची हातोडी

वसईच्या आमच्या जुन्या घरात, माजघरातील कोनाड्यात बाबांची एक हातोडी अजून ठेवलेली आहे. डोके लहान, दांडा हाताच्या घामाने काळवंडलेला. बाबा मुंबईतील रेल्वेच्या एका कारखान्यात बॉयलरमेकर होते. वाफेच्या इंजिनांचे बॉयलर तपासण्यात व दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षे गेली, आणि त्याबरोबर त्यांचे कानही गेले. रिव्हेटांच्या ठोकाठोकीने बहिरेपण येणे हा त्या धंद्यातील अनेकांच्या वाट्याचा भोग होता. आई त्यांना जेवायला बोलावताना हाक मारीत नसे, खांद्याला हात लावीत असे.

बाबांच्या पश्चात काही वर्षांनी मला निलगिरीच्या डोंगरी रेल्वेने जाण्याचा योग आला. मेट्टुपालयम ते उदगमंडलम हा ४६ किलोमीटरचा मार्ग १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचला. २००५ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. कल्लार ते कुन्नूर हा चढ इतका खडा आहे की बारा मीटर पुढे जाताना गाडी सुमारे एक मीटर वर चढते. त्यासाठी रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसविल्या आहेत. इंजिनाची दंतचक्रे त्यांत अडकतात आणि मागे जोडलेले इंजिन डबे वर ढकलीत नेते. स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यात घडलेली जुनी इंजिने या मार्गाने पिढ्यान्‌पिढ्या वाहिली.

अशा इंजिनाचे सारे दुखणे बॉयलरमध्ये साठते. पाण्यातील क्षार नळ्यांवर व पत्र्यावर थर धरतात. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि धातू जळू लागतो. म्हणून ठराविक दिवसांनी बॉयलर रिकामा करून धुवावा लागतो. चढावर पाणी एका बाजूला कलते. ते कमी पडून फायरबॉक्सचे छत उघडे पडले तर अनर्थ ओढवतो. या भयापोटी छतात शिशाने भरलेला लेड प्लग बसवितात. पाणी खाली गेले की शिसे वितळते, वाफ आगीवर येते आणि ड्रायव्हर सावध होतो.

परंतु सर्वांत फसवे दुखणे स्टेचे. फायरबॉक्सचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा शेकडो आडव्या स्टेंनी एकमेकांना धरून ठेवलेला असतो. आग पेटली की आतला पत्रा अधिक फुगतो, विझली की आकसतो आणि स्टे प्रत्येक वेळी किंचित वाकतो. एके दिवशी तो आतल्या आत तुटतो. बाहेरून काहीच दिसत नाही. त्याचा भार मात्र शेजाऱ्यांवर पडतो. वारशाच्या गाडीची आग वारंवार पेटते व विझते, म्हणून तिच्या बॉयलरला हा ताण विशेष सोसावा लागतो.

तुटलेला स्टे ओळखायचा तो हातोडीने. धड स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. कान मंद झाल्यावर बाबा सोबत्याला आतून हातोडी मारावयास सांगत आणि स्वतः बाहेरच्या टोकावर बोट ठेवीत. बोटाला कंप जाणवला तर स्टे ठीक.

एका रात्री त्यांना कोपऱ्यातील लागोपाठचे दोन स्टे मुके लागले. इंजिन पहाटे सुटावयाचे होते. साहेब म्हणाले, "एक फेरी होऊ द्या, मग बघू. तसेही तुम्हाला ऐकू कुठे येते?" बाबांनी कागदावर सही केली नाही. पुढे त्यांची बढती दोन वर्षे अडली. आईने एकदाच विचारले, "सही केली असती तर काय बिघडले असते?" बाबा म्हणाले, "कदाचित काहीच नाही. पण त्या ड्रायव्हरची पोरे आपल्या पोरांच्याच वयाची आहेत." लहानपणी मला त्या उत्तराचा राग आला होता, कारण त्या वर्षी माझी सहल हुकली.

कुन्नूरच्या शेडमध्ये आवरणाचे पत्रे उतरविलेले एक इंजिन उभे होते. एक तरुण कारागीर फायरबॉक्सच्या तोंडातून आत सरपटला आणि ठोके सुरू झाले. मी त्याच्या जोडीदाराला बाबांविषयी सांगितले. तो हसला आणि त्याने माझे बोट धरून एका स्टेच्या टोकावर टेकविले. ठोका पडला. बारीकसा थरकाप बोटातून मनगटापर्यंत आला.

भारतात वाफेच्या इंजिनांची बांधणी १९७२ मध्ये थांबली होती. तरी याच मार्गासाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने २०११ मध्ये तेलावर चालणारे नवे इंजिन बांधून दिले. म्हणजे बॉयलर घडविणारे आणि पारखणारे हात पुन्हा तयार झाले. हे ऐकून मला बरे वाटले.

त्या सहलीचा राग मी पुष्कळ वर्षे बाळगला होता. बाबांना ते ठाऊक होते की नाही, मी कधी विचारले नाही. घरी परतल्यावर हातोडी कोनाड्यातून काढली, तेल लावून पुसली आणि नातवाच्या हाती दिली. तो पुरता बोलूही लागला नव्हता. त्याने ती उंबऱ्यावर आपटली आणि मान कलती करून ऐकत राहिला.